खंड आणि ताळा

शिक्षण मध्येच सुटलेल्या माणसाने पुन्हा परीक्षेला बसायचे ठरवले, तर त्याने गणित आणि विज्ञान यांच्या वाटेला जाऊ नये, हे मत कोल्हापूर जिल्ह्यात इतके रूढ आहे की ते कोणाचे तरी मत आहे याचाच विसर पडून ते निसर्गनियमासारखे सांगितले जाते. घरातली वडीलधारी माणसे ते काळजीपोटी सांगतात, खासगी क्लासचे चालक आपल्या अनुभवाचा हवाला देऊन सांगतात, आणि दहावीसाठी ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरू पाहणाऱ्याला, म्हणजे शाळेत न जाता राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसू पाहणाऱ्याला, ओळखीतला प्रत्येक शिकलेला माणूस ते न विचारता सांगतो. ‘सायन्स एकदा सुटले की सुटले’ हे त्याचे नेहमीचे रूप आहे. हे मत नीट तपासले, तर ते शिकणाऱ्याच्या कुवतीविषयी फारसे काही सांगत नाही आणि शिकवणाऱ्या व्यवस्थेविषयी मात्र बरेच काही सांगून जाते, असे दिसून येते.

त्याच्या समर्थकांना मान्य होईल अशाच शब्दांत हे मत आधी मांडले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की गणित आणि विज्ञान हे पायरीपायरीने चढायचे विषय आहेत, त्यामुळे मधली पाच-दहा वर्षे गेली की खालच्या पायऱ्या ढासळतात आणि वर चढायला आधार उरत नाही. वाढत्या वयाबरोबर बुद्धीला गंज चढतो. इतिहास किंवा मराठी माणूस एकट्याने वाचून समजून घेईल, पण बीजगणित आणि रसायनशास्त्र शिक्षकाने फळ्यावर सोडवून दाखवल्यावाचून कळत नाही, तेव्हा क्लास परवडत नसेल तर त्या भानगडीत पडू नये. आणि शेवटी, पोटापाण्याला लागलेल्या माणसाला पास होण्याशी मतलब असेल, तर सोपी शाखा सोडून अवघड शाखा घेणे हा निव्वळ हट्ट आहे. एकापुढे एक ठेवल्यावर ही विधाने सुसंगत वाटतात खरी, पण सुसंगत असणे म्हणजे खरे असणे नव्हे.

पहिला दोष ‘गॅप’ या शब्दातच आहे. महाविद्यालयात प्रवेश घेताना शिक्षणातील खंडाचे शपथपत्र मागितले जाते, ज्याला बोलण्यात ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात, आणि मधल्या वर्षांत आपण कोठेही प्रवेश घेतलेला नव्हता असे अर्जदाराने त्यात लिहून द्यायचे असते. त्या कागदाचा हेतू प्रशासकीय आहे आणि तेवढ्यापुरता तो रास्त आहे. मात्र कागदावरची ही रिकामी जागा पाहणाऱ्याच्या मनात माणसाच्या बुद्धीतली रिकामी जागा होऊन बसते, आणि शाळेचा अभ्यास न झेपल्यामुळेच हा मागे पडला असणार, असे गृहीत धरले जाते. इचलकरंजीत बारा तासांच्या पाळीने यंत्रमाग चालवणाऱ्या मुलाची शाळा त्रिकोणमिती न कळल्यामुळे सुटली होती काय? दहावीनंतर लगेच लग्न लावून दिलेल्या मुलीला आवर्तसारणी अवघड वाटत होती म्हणून तिचे लग्न लावले गेले काय? २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा आणि कृष्णा यांच्या काठच्या ज्या घरांत पाणी शिरले, त्या घरांतल्या मोठ्या मुलाने कमाईला लागायचे ठरवले, तर त्या निर्णयात त्याच्या गणिताच्या गुणांचा संबंध कुठे येतो? शिक्षण सुटण्याची कारणे बहुतेक वेळा पैशाची, पाण्याची, आजारपणाची आणि लग्नाची असतात, आणि या कारणांवरून कोणाची आकलनशक्ती ठरवणे म्हणजे पुराच्या पाण्याची उंची मोजून घरातल्या माणसांची उंची सांगण्यासारखे आहे.

आता विसरण्याचा प्रश्न. विसरलेले पुन्हा शिकणे आणि कधीच न शिकलेले नव्याने शिकणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे या मतात धरून चालले जाते, आणि सबंध मत या एका गृहीतकावर उभे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या विस्मरणाच्या वक्राचा उल्लेख सगळीकडे होतो, पण तो वक्र ज्या मापाने काढला होता ते माप मात्र सांगितले जात नाही. एबिंगहाउस यांनी मोजली होती ती ‘बचत’, म्हणजे विसरलेला मजकूर पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळेपेक्षा किती कमी वेळ लागतो ती, आणि जे जाणीवपूर्वक आठवत नाही तेही पुन्हा शिकताना लवकर येते, हा त्या प्रयोगांचा गाभा होता. विस्मरणाचा दाखला म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्यांनीच, विसरलेले पूर्णपणे पुसले जात नाही, हे दाखवून दिले होते. पुढे १९९१ मध्ये हॅरी बॅरिक आणि लिंडा हॉल या अमेरिकन अभ्यासकांनी शालेय बीजगणित व भूमिती माणसांच्या स्मरणात पुढील पन्नास वर्षे कितपत राहते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की ज्यांनी गणिताशी अनेक वर्षे संबंध ठेवला होता त्यांचे शाळेतले बीजगणित अर्धशतकानंतरही जवळजवळ शाबूत होते, आणि हे टिकणे शाळेत मिळालेल्या गुणांपेक्षा सराव किती वर्षांवर पसरलेला होता यावर अधिक अवलंबून होते. म्हणजे येथे वयापेक्षा वापर निर्णायक ठरतो, आणि वापर शाळेबाहेरही होत असतो.

कोल्हापूरच्या संदर्भात ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत आणि फौंड्रींत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यांत, ज्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत त्यांच्या हातून रोज जे होते, ते दहावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांत निराळ्या नावांनी छापलेले आहे. लेथवर काम करणाऱ्याला एखादा दांडा निमुळता करायचा असतो, त्याला ‘टेपर’ म्हणतात. एका टोकाला व्यास ५० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ४० मिलिमीटर आणि लांबी १०० मिलिमीटर असेल, तर हत्यार ज्या सरकपट्टीवर बसवलेले असते ती किती अंशांनी फिरवायची, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. व्यासांतल्या फरकाच्या निम्मे म्हणजे ५, त्याला लांबी १०० ने भागले की ०.०५ येते, आणि ज्या कोनाचे टॅन गुणोत्तर, म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरच्या बाजूला लगतच्या बाजूने भागून येणारी संख्या, ०.०५ असते तो कोन सुमारे २ अंश ५२ मिनिटांचा असतो. दहावीच्या भूमितीतल्या त्रिकोणमितीच्या प्रकरणाचा हाच पाया आहे. वर्गात बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे गुणोत्तर म्हणजे तक्त्यातली एक संख्या वाटते. लेथवाल्याला, ती संख्या चुकली तर माल भंगारात जातो, हे ठाऊक असते.

पॅटर्न मेकरचे, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुना घडवणाऱ्या कारागिराचे उदाहरण याहूनही बोलके आहे. बीडाचे लोखंड थंड होताना लांबीत साधारण शेकडा एक आकसते, म्हणून तो नमुना तेवढ्या मापाने मोठा ठेवतो. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही मापांत शेकडा एक वाढ झाली तर घनफळ शेकडा किती वाढेल? १.०१ चा घन १.०३०३ इतका येतो, म्हणजे घनफळातली वाढ शेकडा तीनच्या आसपास असते. समरूप आकृत्यांत लांबीचे गुणोत्तर, क्षेत्रफळाचे गुणोत्तर आणि घनफळाचे गुणोत्तर यांचा एकमेकांशी जो संबंध असतो, तो शिकवायला शिक्षकाला वर्गात एक तास लागतो आणि तरीही पुष्कळ मुलांच्या डोक्यात तो उतरत नाही. नमुना घडवणाऱ्याने तो हाताने पडताळलेला असतो. पन्हाळा, करवीर, कागल या तालुक्यांतल्या गुऱ्हाळांवर काहिलीत उसाचा रस आटवणारा गुळव्या पाकाची परीक्षा थंड पाण्यात थेंब टाकून करतो. रस जसजसा दाट होतो तसतसे त्याचे उकळण्याचे तापमान शंभर अंशांच्या वर चढत जाते, आणि गूळ तयार होण्याच्या सुमारास ते ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. विरघळलेल्या पदार्थामुळे द्रवाचा उत्कलनांक वाढतो, हा बारावीच्या रसायनशास्त्रातील द्रावणांच्या प्रकरणाचा भाग आहे. त्याच्याजवळ त्या घटनेचे सूत्र नसते एवढेच, आणि सूत्र पुस्तकात मिळते. घटनेची ओळख मात्र पुस्तकात मिळत नाही. तेव्हा मधली वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्यांनी, त्या वर्षांत माणूस काय करीत होता हे विचारण्याचे कष्ट तरी घेतले आहेत काय?

आता सर्वांत मोठा आक्षेप, तो असा की गणित आणि विज्ञान शिक्षकावाचून येत नाही. येथे रूढ मताने वस्तुस्थिती नेमकी उलटी केली आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्याची खरी अडचण पुस्तक न मिळण्याची नसते, कारण राज्याची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्याची खरी अडचण, आपण लिहिलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार, ही असते. मराठीच्या निबंधाला किंवा इतिहासातल्या कारणमीमांसेच्या उत्तराला परीक्षक किती गुण देईल, हे घरी एकट्याने बसलेल्या विद्यार्थ्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याने दहा वेळा वाचले तरी आपल्या मांडणीतली उणीव त्याला दिसेलच असे नाही, त्यासाठी दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर लागते. गणिताची गोष्ट वेगळी आहे. मराठीत ‘ताळा’ हा एक फार मोलाचा शब्द आहे: हिशेब किंवा आकडेमोड बरोबर आहे की नाही हे उलट्या किंवा दुसऱ्या रीतीने स्वतःच पडताळून पाहणे म्हणजे ताळा करणे. ज्या विषयात ताळा करता येतो, त्या विषयात शिकणारा स्वतःच आपला परीक्षक होऊ शकतो, आणि म्हणून एकट्याने शिकायला तो विषय इतर कोणत्याही विषयाहून अधिक सोयीचा असतो.

नवाचा ताळा जुन्या पिढीतल्या दुकानदारांना आणि कुलकर्ण्यांना पाठ असे. ४७ गुणिले ३८ बरोबर १७८६ हे बरोबर आहे काय? ४ आणि ७ यांची बेरीज ११, तिच्या अंकांची बेरीज २. ३ आणि ८ यांची बेरीजही ११, म्हणून पुन्हा २. दोहोंचा गुणाकार ४. आणि १, ७, ८, ६ यांची बेरीज २२, म्हणजे ४. ताळा जमला. हा ताळा अपुरा आहे हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण कोणी १७८६ ऐवजी १७६८ लिहिले तरी अंकांची बेरीज तीच राहते आणि चूक निसटते. पण ताळ्याची मर्यादा ओळखणे हाही गणिताचाच धडा आहे, आणि तो ताळा करणाऱ्यालाच मिळतो. वर्गसमीकरणात, म्हणजे ज्यात अज्ञात राशीचा वर्ग येतो अशा समीकरणात, ताळा पूर्ण असतो. क्ष चा वर्ग वजा ७ क्ष अधिक १२ बरोबर शून्य, याची उत्तरे ३ आणि ४ आली असतील, तर क्ष च्या जागी ३ ठेवल्यास ९ वजा २१ अधिक १२, आणि ४ ठेवल्यास १६ वजा २८ अधिक १२, दोन्ही वेळा शून्य येते, आणि मग कोणत्याही क्लासच्या कोणत्याही सरांच्या सहीची गरज उरत नाही. बारावीच्या संकलनाचा ताळा विकलनाने होतो, कारण या दोन क्रिया एकमेकींच्या उलट आहेत. रासायनिक समीकरणात डाव्या व उजव्या बाजूच्या प्रत्येक मूलद्रव्याचे अणू मोजायचे असतात: फेरिक ऑक्साइडचा एक रेणू आणि कार्बन मोनॉक्साइडचे तीन रेणू यांच्यापासून लोखंडाचे दोन अणू आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू मिळतात असे लिहिले, तर दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन, कार्बनचे तीन आणि ऑक्सिजनचे सहा अणू भरतात. भौतिकशास्त्रातल्या सूत्राचा पहिला ताळा एककांनी होतो. वेग काढायला निघालेल्याच्या उत्तरात मीटर आणि सेकंद एकमेकांशी गुणलेले निघाले, तर वाट चुकली हे एकक स्वतःच सांगते.

हा ताळा शिकणाऱ्याला मिळाला की अभ्यासाची रीतच बदलते. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून स्वतः उत्तर लिहून काढण्याने अधिक दिवस लक्षात राहते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आले होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. उदाहरण स्वतः सोडवून त्याचा ताळा करणारा नेमके हेच करीत असतो, तर फळ्यावर सुटत जाणारे उदाहरण पाहणारा, शिक्षक कितीही चांगला असला तरी, पाहतच असतो. क्लासमध्ये सगळे कळल्यासारखे वाटले आणि घरी वही उघडल्यावर काहीच सुचले नाही, हा अनुभव सलग शिकणाऱ्या मुलांनाही येतो, आणि त्याचे कारण येथे आहे.

पायऱ्या ढासळण्याच्या आक्षेपाचेही उत्तर याच दिशेने मिळते. खंडानंतर परतलेल्या माणसाला बहुधा वर्गसमीकरण अडवत नाही. त्याला अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांची चिन्हे आणि गुणोत्तर-प्रमाण अडवते, म्हणजे पाचवी ते आठवीच्या पुस्तकांतल्या गोष्टी. क्लासमध्ये या पायऱ्या सर्वांना येतात असे धरून शिकवणे सुरू होते, आणि तिशीतल्या माणसाने सोळा वर्षांच्या मुलांत बसून अपूर्णांकांचा छेद समान का करायचा असे विचारावे, अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. घरी अभ्यास करणाऱ्याला सहावीचे पुस्तक उघडताना कोणी पाहत नाही. ज्या पायरीवर पाय डळमळतो त्या पायरीपर्यंत खाली उतरून तेथून पुन्हा चढण्याची मुभा फक्त स्वयंअध्ययनात असते, आणि मोठ्या माणसाला सहावीचे गणित पुन्हा शिकायला वर्ष लागत नाही, कारण एबिंगहाउस यांनी मोजलेली बचत तेथेच सर्वाधिक उपयोगी पडते. दहावीच्या बीजगणितातील अर्थनियोजनाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कराची आकारणी आहे. दुकानात रोज पावत्या फाडणाऱ्याला ती कोणी शिकवायची?

याउपरही शिक्षकाशिवाय गणित अशक्य आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राकडे पाहावे. गणित घरी बसून शिकता येत नसेल, तर या विद्यापीठाने स्वयं-अध्ययन साहित्य देऊन गणितातली पदव्युत्तर पदवी दूरशिक्षणाने का दिली? एम.एस्सी.चे गणित घरी शिकणे शक्य मानायचे आणि दहावीचे अशक्य मानायचे, याला कोणता आधार आहे? जगाच्या इतिहासातले सर्वांत नेमके उदाहरण जॉर्ज ग्रीन यांचे आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या या गिरणीवाल्याच्या मुलाला बालपणी जेमतेम वर्षभर शाळा मिळाली, पुढची सारी वर्षे बेकरीत आणि पवनचक्कीत धान्य दळण्यात गेली, आणि त्याच चक्कीवर राहून, स्वतःच्या वाचनावर, १८२८ मध्ये त्यांनी विद्युत व चुंबकत्व यांच्या गणिती उपपत्तीवरचा निबंध प्रसिद्ध केला. चाळिशीला पोचल्यावर १८३३ मध्ये ते केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८३७ च्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत चौथे आले. आजच्या भाषेत त्यांच्या शपथपत्रावर तीस वर्षांची ‘गॅप’ लिहावी लागली असती. असामान्य माणसाचे उदाहरण सामान्यांना लागू नाही, असे यावर म्हटले जाईल. परंतु येथे कोणाकडून नवा सिद्धान्त मागितलेला नाही. पस्तीस टक्क्यांची मर्यादा ओलांडायची आहे, किंवा फार तर प्रवेशाला पुरतील एवढे गुण मिळवायचे आहेत.

‘सोपी शाखा घ्या’ हा सल्ला यांतला सर्वांत घातक आहे, कारण तो आपुलकीच्या स्वरात दिला जातो. कला शाखेविषयी येथे अनादर नाही. ज्याला इतिहास किंवा समाजशास्त्र शिकायचे आहे त्याने तेच शिकावे. पण जिला परिचारिका व्हायचे आहे अशा विवाहितेला बारावी कला शाखेतून करायला सांगितले, तर बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी लागणारे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिच्याजवळ नसते, आणि दोन वर्षे खर्ची घालून ती दारापर्यंत पोचते तेव्हा दार दुसऱ्याच भिंतीत होते असे तिला कळते. कारखान्यातल्या मदतनिसाला आयटीआयच्या फिटर किंवा टर्नरच्या अभ्यासक्रमाला जायचे असेल, किंवा तंत्रनिकेतनात पदविकेला, तर दहावीचे गणित आणि विज्ञान टाळून त्याला पुढे सरकता येत नाही. सल्ला देणाऱ्याला या परिणामांची झळ कधीच लागत नाही.

परीक्षेपुरता अभ्यास म्हणजे खरे शिक्षण नव्हे, असे म्हणणारा एक सुशिक्षित वर्गही या मताच्या मदतीला येतो. ज्यांच्या भिंतीवर पदव्या आहेत त्यांना असे म्हणणे परवडते. ज्याच्या ज्ञानाला मालक, मुकादम किंवा सासर यांच्यापैकी कोणीही साक्षीदार नाही, त्याच्यासाठी मंडळाची गुणपत्रिका हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि ती मिळवण्याची धडपड कमी दर्जाची ठरवणे अन्यायाचे आहे.

वयाच्या मर्यादेचा मुद्दा काढणाऱ्यांना मात्र एवढे मान्य करावे लागेल की ती मर्यादा निसर्गाने घातलेली नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला २०१७ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी पंचवीस वर्षांची कमाल अट घालण्यात आली, न्यायालयांत तिच्यावर वाद झाले, आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये, बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही ती परीक्षा खुली झाली. दोन्ही वेळा तिशीतल्या माणसांचे मेंदू बदलले नाहीत, नियम बदलला. उलट अभियांत्रिकीच्या जेईई मेन परीक्षेला वयाची अट नसली तरी बारावीच्या वर्षासह मोजकी तीनच वर्षे बसता येते, आणि आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेला सलग दोन वर्षे. खंड पडलेल्यांची कुवत नाही असे म्हणण्याआधी, त्यांना ज्या खोलीत कुवत दाखवायची त्या खोलीत प्रवेशच का नाही, हे विचारायला हवे.

शिवाय हे सगळे कोल्हापुरात बोलले जावे, याचे दुःख अधिक आहे. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावे बदलत, सलग शाळा अशी न मिळता, बरेचसे घरीच शिकलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, तेव्हा अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली ती कोल्हापूर संस्थानाने. ते रुग्णालय आज सीपीआर म्हणून ओळखले जाते. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्याने त्या रुजू होऊ शकल्या नाहीत, पण त्यांचे शिक्षण कोणत्या क्रमाने झाले हे त्या दरबाराने आड येऊ दिले नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो याच संस्थानात, आणि स्वावलंबी शिक्षण हे ज्यांच्या संस्थेचे ब्रीद होते ते कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले ते याच जिल्ह्यातल्या कुंभोजला. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्यांनी, कमवून शिकू पाहणाऱ्याला रसायनशास्त्र झेपणार नाही असे कोणत्या अधिकाराने सांगावे?

रूढ मताच्या बाजूने एकच मुद्दा खरा आहे, आणि तो प्रयोगशाळेचा आहे. बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत अनुमापन करणे, म्हणजे एका द्रावणाची तीव्रता ज्ञात तीव्रतेच्या दुसऱ्या द्रावणाने शोधून काढणे, हे पुस्तक वाचून हाताला येत नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? शिकणारा अपात्र आहे हा, की प्रयोगशाळा त्याच्यासाठी बंद आहे हा? इचलकरंजीत आणि कोल्हापुरात दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्र महाविद्यालये आहेत, पण त्यांच्या नावांत ‘कला व वाणिज्य’ एवढेच आहे. म्हणजे कामकरी माणसाने काय शिकावे, हे त्याने अर्ज करण्यापूर्वीच ठरून गेलेले आहे. विज्ञान त्याला झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी विज्ञानाची रात्रीची तुकडी काढून पाहिली होती, आणि ती ओस पडली, असे घडल्याचे ऐकिवात नाही.

जिल्ह्यातल्या विज्ञान शाखेच्या महाविद्यालयांत मेज आहेत, ब्युरेट आणि पिपेट आहेत, व्हर्निअर आहेत, नळाला पाणी आहे, आणि संध्याकाळी या खोल्यांना कुलूप लागते. पाळी सुटल्यावर सहा ते नऊ या वेळात, आठवड्यातून दोन दिवस, त्या उघडायला एक प्रयोगशाळा साहाय्यक, एक शिक्षक आणि त्यांचे मानधन एवढेच लागणार आहे; बीजगणित, भूमिती, सूत्रे आणि समीकरणे तो माणूस घरी शिकून आणि ताळा करून येईल. एवढी सोय जोवर होत नाही, तोवर दिवसभर मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाला, विज्ञान त्याच्या हातून सुटले आहे, असे सांगण्याचा अधिकार या जिल्ह्यात कोणालाही नाही.